घरपट्टीवाल्या बाईंना विचारा

नगरपरिषदेच्या कर विभागातून निवृत्त झाले, तरी गावात माझी ओळख अजून ‘घरपट्टीवाल्या बाई’ हीच आहे. या वेळी आलेली बरीच पत्रं फेरआकारणीची आहेत. म्हणून पहिल्या पत्राला जागा जास्त गेली, बाकीच्यांनी समजून घ्यावं.

प्रश्न : आमच्याकडे चतुर्थवार्षिक (दर चार वर्षांनी होणारी) आकारणी झाली आणि घरपट्टी एकदम तिपटीवर गेली. हरकती दिल्या आहेत, सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे. गल्लीतले सगळे मिळून जाणार, दर कमी करा म्हणून निवेदन देणार आणि मी पुढे होऊन बोलावं असा आग्रह आहे. काय बोलू? (सेवानिवृत्त शिक्षक, बीड जिल्हा)

उत्तर : सर, निवेदन द्या, पण सुनावणीच्या टेबलावर ते काढू नका. तिथं बसलेल्या साहेबांच्या हातात दर नसतो.

घरपट्टीच्या बिलामागे दोन वेगळे निर्णय असतात. तुमच्या घराचं मूल्य किती धरायचं हा एक, आणि त्या मूल्यावर किती टक्के कर घ्यायचा हा दुसरा. टक्का नगरपरिषदेच्या सभेत ठरावाने ठरतो. मूल्य ठरवतो तो प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी, म्हणजे नगररचना खात्याचा माणूस. सुनावणी होते ती मूल्याची. अख्खी गल्ली येते, घोषणा होतात, साहेब मान डोलावतात, कारकून ‘निवेदन प्राप्त’ असा शेरा मारतो आणि यादी होती तशी कायम होते, असं मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं. कारण त्या गर्दीतल्या एकानेही ‘माझ्या घराचं माप चुकलंय’ असं कागदावर दिलेलं नसतं.

हिशेब करून दाखवते. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याप्रमाणे घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येतील ते आधी धरतात. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात. उरलं ते करयोग्य मूल्य. समजा तुमचं घर ६०० चौरस फूट आहे, भाडं चौरस फुटाला वर्षाचे २० रुपये धरलंय आणि कराचा दर २४ टक्के आहे. भाडेमूल्य १२,०००, करयोग्य मूल्य १०,८०० आणि कर २,५९२. आता मोजणाऱ्याने ६०० चे ९०० लिहिले. भाडेमूल्य १८,०००, करयोग्य १६,२०० आणि कर ३,८८८. आंदोलन करून तुम्ही दर एका टक्क्याने खाली आणलात, तर या चुकीच्या बिलात वाचतात १६२ रुपये. माप दुरुस्त झालं, तर वाचतात १,२९६. दर आणि आकडे मी सोयीचे घेतलेत, पण वजन कुठं आहे ते कळलं असेल.

तेव्हा नोटीस हातात घ्या आणि तिच्यातला एकेक रकाना घराशी ताडून बघा. माप टेपने स्वतः घ्या. अंगणातला जिना, पाठीमागचा गोठा, गच्चीवर उन्हासाठी टाकलेले पत्रे हे कशात धरलेत ते बघा. वापर बघा. बंद पडून वर्षं झालेलं किराणा दुकान अजून व्यापारी म्हणून लागलेलं असतं, आणि व्यापारी लागलं की भाड्याचा भाव बदलतो, वर रोजगार हमी करही बसतो, जो निवासी घराला नसतो. बांधकामाचं वर्ष बघा.

आणि बांधकामाचा प्रकार तर डोळ्यांत तेल घालून बघा, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त चुका तिथं होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडे कितीतरी लोकांनी माळवदाची, म्हणजे सपाट धाब्याच्या छपराची, माती उतरवली आणि पत्रे टाकले. भिंती दगड-मातीच्याच राहिल्या, दर्शनी बाजूला तेवढा सिमेंटचा गिलावा आणि रंग. मोजणीचं काम घेतलेल्या एजन्सीचा पोरगा टॅब घेऊन येतो, त्याला रस्त्यावरून दर्शनी भिंत दिसते, तो ‘आरसीसी’वर, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामावर, बोट ठेवतो आणि पुढच्या दाराला जातो. त्याच्यावर तरी किती चिडणार? त्याला घरामागे पैसे मिळतात आणि बाहेर ४२ डिग्री ऊन असतं. पण त्या एका बोटाने तुमचं माळवद बंगल्याच्या रांगेत जाऊन बसतं. आतून भिंतीचा, आढ्याचा आणि तुळईचा फोटो काढा. ‘बांधकामाचा प्रकार चुकला आहे, स्थळ पाहणी करावी’ एवढंच वाक्य लिहा. स्थळ पाहणीची मागणी लेखी असली की ती टाळायला साहेबांनाही कारण लिहावं लागतं.

शेजाऱ्याचं काय लागलं, तेही बघता येतं. आकारणी यादी गुपित नसते. ती पाहण्याचा आणि आपल्याला लागतं ते उतरवून घेण्याचा हक्क घरमालकाला आणि राहणाऱ्याला आहे, त्याला फी नाही. एकाच भिंतीची दोन घरं, एकच रस्ता आणि भाड्याचा भाव वेगळा, असं सापडलं तर त्याच्याइतका चांगला मुद्दा दुसरा नाही. ‘मी स्वतः राहतो, मला कुठं भाडं येतं’ हा मुद्दा मात्र सोडून द्या. कायदा येऊ शकणाऱ्या भाड्याचं बोलतो, येणाऱ्या नव्हे.

गल्लीचं एकच पत्र नको. घरागणिक वेगळा कागद करा, मालमत्ता क्रमांक घालून, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच न घेतलेला अर्ज नगरपरिषदेत दिलाच नाही असं समजा. हे मी त्याच टेबलाच्या पलीकडे बसून सांगते आहे.

अजून एक. मोजणीवाले येतात तेव्हा घरात असते ती बाई, आणि सुनावणीला जातो तो पुरुष. मागची खोली कुठल्या पावसात पडली, भाडेकरू कधी सोडून गेला, पोरगा मोजायला आत आला होता की दारातूनच विचारून गेला, हे तिला ठाऊक असतं. साहेब विचारतात आणि पुरुष ‘असेल तसंच’ म्हणून गप्प होतात. बाईंना सोबत न्या, सर, आणि बोलू द्या.

सुनावणीतही काही झालं नाही, तर पुढे मालमत्ता कर अपील समिती आहे. तिथं जायचं तर मागितलेली रक्कम आधी भरावी लागते आणि बिल मिळाल्यापासून मुदत थोडी असते, म्हणून बिल कोणत्या तारखेला हातात पडलं ते बिलावरच लिहून ठेवा.

राहिलं तुमचं दराचं निवेदन. ते नगराध्यक्षांना आणि तुमच्या प्रभागाच्या दोन्ही नगरसेवकांना द्या, अर्थसंकल्पाची सभा व्हायच्या आत. त्यातही नुसतं ‘दर कमी करा’ नको. मागच्या वर्षी घरपट्टीची एकूण मागणी किती होती, वसूल किती झाली आणि थकबाकीत सर्वांत वरची नावं कोणाची, हे सभेत वाचून दाखवा अशी मागणी घाला. घोषणांपेक्षा या तीन गोष्टींनी सभागृह जास्त अस्वस्थ होतं.

प्रश्न : मी डिसेंबरात पहिल्यांदा निवडून आले. प्रचारात आमच्या पॅनेलने ‘घरपट्टी निम्मी करू’ असं सांगितलं होतं. आता मुख्याधिकारी म्हणतात, जमणार नाही, वरून अनुदान थांबेल. ते घाबरवताहेत की खरं आहे? (नगरसेविका, लातूर जिल्हा)

उत्तर : ताई, थोडं घाबरवताहेत आणि बरंचसं खरं आहे.

१९९९ साली नगरपरिषदांची जकात गेली. तेव्हापासून नगरपरिषदा राज्याच्या सहायक अनुदानावर पगार भागवतात. स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न उरलं ते घरपट्टीचंच. दिवाबत्तीचं बिल, पाण्याच्या पंपाचं बिल, घंटागाडीचं डिझेल यातूनच निघतं. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने शहरांच्या अनुदानाला अट घातली : राज्याने मालमत्ता कराचे किमान दर जाहीर करावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या बरोबरीने वाढत राहावी. मुख्याधिकाऱ्यांच्या बोलण्यामागे ही अट आहे. शिवाय बिलावरचा प्रत्येक रुपया तुमच्या सभेचा नसतो. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर १९६२ च्या कायद्याने राज्याचे आहेत, नगरपरिषद फक्त गोळा करते. ते निम्मे करायचा ठराव तुम्ही करूच शकत नाही.

‘निम्मी’ हा शब्द तुमच्या पॅनेलने वापरायला नको होता. पण मतदारांना सांगण्यासारखं काही करता येणार नाही असंही नाही. गावातली मंगल कार्यालयं, शिकवणीचे हॉल, लॉज आणि गच्चीवरचे मोबाइल टॉवर आकारणीत कसे लागलेत, त्याची यादी मागा. निवासी म्हणून लागलेलं मंगल कार्यालय मी स्वतः दुरुस्त करायला घेतलं होतं, तेव्हा मला कुणाकुणाचे फोन आले ते इथं सांगत नाही. सरकारी कचेऱ्यांची थकबाकी मागा. केंद्राच्या इमारतींना राज्यघटनेच्या २८५ व्या अनुच्छेदाने कर माफ आहे, राज्याच्या कचेऱ्यांना तशी सरसकट माफी नाही, आणि तहसील-पोलीस वसाहतींची बाकी कोणी वसूल करत नाही, कारण तिथं वसुली पथक घेऊन जायची हिंमत कोणाची? गरिबाच्या दारापुढे हलगी वाजवायला मात्र आम्ही जात होतो.

ही गळती बंद करून जे येईल, त्यातून पत्र्याच्या आणि मातीच्या घरांच्या भाड्याचा भाव खाली आणायचा आग्रह पुढच्या आकारणीत धरा. गेली काही वर्षं प्रशासकांचा कारभार होता, प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं. आता आहे. आणि दराचा विषय असलेली सभा सकाळी अकराला ठेवू देऊ नका. मजुरीवर जाणारी बाई तेव्हा येऊ शकत नाही. संध्याकाळी ठेवा, माइक बाहेर लावा.

प्रश्न : घर वडिलांनी बांधलं. पंधरा वर्षं घरपट्टी मीच भरतो, पावत्या माझ्या नावच्या आहेत. आता पुण्यातला भाऊ वाटा मागतोय. पावत्या कोर्टात चालतील का? (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : कर तुम्ही भरला एवढंच त्यांतून सिद्ध होईल. घरपट्टीची नोंद कर कोणाकडून घ्यायचा यासाठी असते, मालकी त्यातून येत नाही. खरेदीखत, वारस नोंद, नगर भूमापनातली मिळकत पत्रिका, हे बघा आणि वकिलांना भेटा. भरलेल्या रकमेतला भावाचा हिस्सा मागता येतो का, तेही त्यांनाच विचारा. आणि वकिलांच्या आधी भावाला एक फोन करा, एवढं माझं आगाऊपणाचं.

प्रश्न : आमच्या नळाला दहा दिवसांआड पाणी येतं, उन्हाळ्यात पंधरा. टँकर विकत घेतो. वैतागून दोन वर्षं घरपट्टी-पाणीपट्टी दोन्ही भरली नाही. आता शास्तीसकट, म्हणजे दंडासकट, बिल आलंय. पाणीच नाही तर कर कशाचा? (गृहिणी, जालना जिल्हा)

उत्तर : माय, राग बरोबर आहे. आपल्या मराठवाड्यात पाण्याचं दुःख सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पण घरपट्टी थांबवल्याने नळाला पाणी लवकर येत नाही, उलट थकलेल्या घरपट्टीवर दरमहा २ टक्के शास्ती चढत जाते. म्हणजे वर्षाला २४. एवढं व्याज तर बँक घरकर्जालासुद्धा लावत नाही.

घरपट्टी आणि पाणीपट्टी वेगळ्या ठेवा. घरपट्टी भरून टाका. पाणीपट्टी भरताना सोबत अर्ज द्या : वर्षात पाणी किती दिवस आलं ते कॅलेंडरवर खुणा करून दाखवा, आणि आमच्या गल्लीची पाणीपट्टी त्या प्रमाणात आकारावी असा विषय सभेपुढे ठेवा म्हणून मागणी करा. ती मंजूर होईलच असं मी म्हणत नाही. पण तुमच्या नावावर थकबाकी असली, तर तुमचा अर्ज उघडायच्या आधीच कारकून म्हणेल, ‘बाई, आधी बाकी भरा.’ ते तोंड बंद करून मग भांडा.

शास्तीचं काही होऊ शकतं. २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या थकबाकीवरची शास्ती माफ करण्याच्या अभय योजनेसाठी कायद्यात दुरुस्ती झाली. तुमच्या नगरपरिषदेने तिचा लाभ द्यायचं ठरवलंय का आणि शेवटची तारीख कोणती, हे कर विभागात जाऊन विचारा. तोंडी उत्तरावर घरी परतू नका, सूचनेची प्रत मागा. मार्चमध्ये जाऊ नका, तेव्हा सगळा विभाग वसुलीवर बाहेर असतो.