नाताळची ती सोनेरी डबी घ्यावी का?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज नीट वाचला. लोअर परळच्या मॉलमध्ये नाताळसाठी काढलेला हायलायटर, म्हणजे गालावर चमक आणणारी ती पावडर, पाहिलास, किंमत साडेसात हजार, आणि विक्रेती म्हणाली की मोजकेच नग आलेत, संपले की पुन्हा येणार नाहीत. घेऊ की नको, एवढंच तू विचारलंयस. पण तुझ्या हातात महिन्याला किती पडतात ते मला ठाऊक आहे, म्हणून एका शब्दात उत्तर देववत नाही.

मी रागावेन असं तुला वाटलं असावं, कारण शेवटी ‘ताई, उधळपट्टी आहे ना?’ असं तूच लिहून टाकलंस. मला तसं वाटत नाही. हौसेला मोल नसतं, आणि आपलं, नवरीचा मेकअप करणाऱ्यांचं, तर पोटच लोकांच्या हौसेवर चालतं. नवरीला गालावर चमक हवी असते ती काही गरज म्हणून नव्हे. तेव्हा ‘याची गरज आहे का?’ असं मी विचारणार नाही. मी एवढंच विचारते की तुला त्यातलं नेमकं काय आवडलंय? तुझ्या मेसेजमध्ये झाकणावरच्या नक्षीबद्दल तीन ओळी आहेत, मखमली पिशवीबद्दल एक, आणि रंगाबद्दल फक्त ‘मस्त गोल्डन’. हे ध्यानात ठेव.

डिओर, शनेल, गेर्लां ही पॅरिसची सौंदर्यप्रसाधनांची घराणी साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात नाताळचा माल बाहेर काढतात. तिकडे ते भेटी देण्याघेण्याचे दिवस. आपल्याकडे तोच माल दिवाळीच्या मागेपुढे काउंटरवर लागतो, तेव्हा अनेकांच्या खिशात बोनस असतो. माल ठरावीक संख्येनेच काढतात, ती थाप नसते. पण मर्यादित नक्की काय असतं ते बघायला हवं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ दरवर्षी बदलतं तसा आतला मजकूरही नवा असतो. इथे पुष्कळदा मुखपृष्ठच नवं असतं.

दाबलेली पावडर कशी बनते ते तुला शिकवलंय. अभ्रक किंवा टाल्क, चमकेचे कण, रंग आणि सगळं धरून ठेवायला थोडं तेल, हे मिश्रण धातूच्या ताटलीत साच्याने दाबतात. सणाच्या मालात साचा नवा असतो, त्यामुळे ताऱ्याची, फुलाची किंवा घराण्याच्या चिन्हाची नक्षी उमटते. त्यावर बरेचदा सोनेरी चकाकीचा पातळ फवारा मारलेला असतो, त्याला ओव्हरस्प्रे म्हणतात. तू बोट फिरवलंस की पहिल्यांदा झगझगीत सोनं येतं, दुसऱ्यांदा थोडं कमी, आणि मग खालचा खरा रंग लागतो. तो बेज असेल, फिकट गुलाबी असेल, कसाही असेल. फवारा थोड्याच वापरात उडून जातो आणि मग वर्षभर तुझ्या गालावर तो खालचा रंग राहणार असतो. म्हणून काउंटरवर नवा कोरा नग उघडून दाखवत असतील तर ‘नको, टेस्टर द्या’ म्हण, म्हणजे लावून बघायला ठेवलेला नग. शंभर बोटांनी मधोमध खड्डा पडलेला टेस्टर दिसायला वाईट असतो, पण खरं काय ते तोच सांगतो.

दुसरं, खोक्याची मागची बाजू वाच. घटकांच्या यादीत जे वजनाने जास्त ते आधी येतं. एक टक्क्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने चालतात आणि रंगद्रव्यंही शेवटीच दिलेली असतात. त्याच घराण्याचा बारमाही मिळणारा हायलायटर शेजारी ठेव आणि दोन्ही याद्यांचे पहिले सहा-सात घटक जुळतात का बघ. जुळले तर पोत जवळपास तोच असणार आणि फरक छटेचा नि झाकणाचा. मग वजन बघ. सणाच्या डबीत ग्रॅम कमी आणि किंमत जास्त असंही दिसतं. लिपस्टिकचं तर सोपं आहे: नेहमीच्या रूज डिओरमध्ये साडेतीन ग्रॅम असतात, सणाच्या वेष्टनातही तेवढेच असतील तर वरचे पैसे वेष्टनाचे. वेष्टनाला पैसे देऊ नयेत असं मी म्हणत नाही, पण कशाचे देतोय ते कळून द्यावेत.

सगळ्यांना एका मापाने मोजणंही बरोबर नाही. गेर्लांचे मेतेओरीत हे पावडरीचे रंगीत मोती 1987 पासून निघतायत. डबा उघडला की व्हायोलेट फुलांचा वास येतो, आणि वेगवेगळ्या रंगांचे मोती ब्रशने घोळवायचे असतात. नाताळला डबा बदलतो, आणि काही वर्षी मोत्यांचे रंगही बदलतात, म्हणजे तिथे आतलं खरोखर वेगळं असू शकतं. त्याच घराण्याच्या रूज जी लिपस्टिकची तर पद्धतच मला फार पटते. आरसा असलेलं वरचं कव्हर वेगळं विकत मिळतं आणि आतली कांडी वेगळी. सणाचं कव्हर घेतलंस तरी त्यात बारमाही शेड बसते, संपली की नवी कांडी घालायची आणि कव्हर वर्षानुवर्षं पर्समध्ये राहतं. हर्मेसने 2020 मध्ये लिपस्टिक आणल्या, त्याही पुन्हा भरता येतात. लिमिटेड एडिशनवर पैसे घालायचेच असतील तर अशा वस्तूवर घाल, असं मी कुणालाही बेलाशक सांगते. नक्षी उठून गेली की संपली अशी पावडर, आणि हातात राहणारं धातूचं कव्हर, यांत मला कव्हरच सरस वाटतं.

याच्या अगदी उलटं टोक म्हणजे 2021 सालचं शनेलचं नाताळ कॅलेंडर, म्हणजे रोज एक कप्पा उघडायचा असा खोका. नंबर फाइव्ह अत्तराला शंभर वर्षं झाली म्हणून अत्तराच्या बाटलीच्या आकाराचा मोठा खोका काढला होता, किंमत 825 डॉलर. आत लिपस्टिक होती, नेलपॉलिश होती, अत्तराची छोटी बाटली होती, पण काही कप्प्यांतून स्टिकर आणि कापडी पिशवी निघाली. लोकांनी टिकटॉकवर एकेक कप्पा उघडून दाखवला आणि जगभर बोभाटा झाला. त्या खोक्यात काय काय आहे हे घेणाऱ्यांनी आधी विचारलं असतं तर बऱ्याच जणींचे पैसे वाचले असते. सणाचा कोणताही संच घेताना आत किती ग्रॅम, किती मिली हे विचारायला लाजू नकोस. लहान आकाराच्या पाच वस्तूंचा संच कधीकधी ग्रॅममागे स्वस्तही पडतो. हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

आता तुझ्या चेहऱ्याकडे येते, कारण शेवटी तो रंग बसायचा तिथे आहे. या घराण्यांच्या नाताळच्या चमकेत बर्फासारखा पांढरा, चंदेरी, थंड गुलाबी असे रंग पुष्कळ असतात. गहूवर्णी नि सावळ्या कातडीवर ते राखेसारखे दिसतात, आणि फोटोत फ्लॅश पडला की आणखीच. तुझा अंडरटोन, म्हणजे कातडीची आतली झाक, पिवळसर आहे. जर्दाळू, पीच, मधासारखं सोनेरी हे तुझ्यावर खुलतं, ते मागच्या हळदीच्या कार्यक्रमात सगळ्यांनी पाहिलं. म्हणून मनगटावर लावून ठरवू नकोस. गालाच्या हाडावर लाव, मॉलच्या पिवळ्या दिव्याखालून बाहेर उन्हात ये आणि मोबाइलवर साधा फोटो काढ. मग दोन-तीन तास लोकल, घाम, दगदग सगळं होऊ दे, आणि पुन्हा आरशात बघ. जाड चकचकीत कण असतील तर तोवर ते हनुवटीपर्यंत उतरलेले असतील.

चमकेबद्दल बोलतेच आहे तर हेही लिहिते, कारण हे माझ्या मनाला लागून राहतं. ही चमक बरेचदा अभ्रकाची असते, त्या अभ्रकाचा मोठा भाग झारखंड-बिहारच्या पट्ट्यातून येतो आणि तिथल्या बेकायदा खाणींत लहान मुलं राबतात. हे थांबावं म्हणून 2017 मध्ये पॅरिसमध्ये रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह ही संस्था उभी राहिली, सौंदर्यप्रसाधनांतल्या कंपन्याही तिच्या सदस्य आहेत. काही जण प्रयोगशाळेत बनवलेलं अभ्रक वापरतात. यादीत ‘सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट’ दिसलं की ते समज. इतके पैसे देताना हा प्रश्न काउंटरवर विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे.

तू लिहितेस की जुना हायलायटर आता रंगच सोडत नाही, म्हणून नवा हवा. मुली, तो मेलेला नाही. बोटांचं आणि ब्रशचं तेल लागून वर कडक, चकचकीत पापुद्रा धरलाय. पावसाळ्यात माझ्याकडच्या निम्म्या पावडरींना हेच होतं. साधी चिकटपट्टी वर हलकेच दाबून उचल, नाहीतर स्वच्छ सुक्या मस्कारा ब्रशने अलगद खरवड, खाली मूळ पावडर जशीच्या तशी आहे. मात्र वास आंबट येत असेल किंवा ठिपके दिसत असतील तर सरळ फेकून दे. आणि इथून पुढे बोट नको, कोरडा ब्रशच वापर.

याच कारणासाठी ‘घेऊन ठेवते, ठेवणीत राहील’ हा विचार सोडून दे. डबीवर उघड्या बरणीचं चिन्ह आणि त्यात 12 एम किंवा 24 एम असं असतं, म्हणजे उघडल्यावर इतके महिने. पावडर त्याहून जास्त चालते हे आपण जाणतो, पण लिपस्टिक मे महिन्यात कपाटात ठेवली तरी घामाच्या थेंबांसारखं तेल सोडते, आणि क्रीमची चमक त्याहून लवकर बिघडते. पुढे जास्त भावाने विकता येईल या आशेने तर घेऊच नकोस. उघडलेला मेकअप कुणी घेऊ नये हे तर आपण स्वतःच नवरी मुलींना सांगतो.

आणि एक, हे मी तुझी ताई म्हणून नाही तर कामाची माणूस म्हणून सांगते. लिमिटेड शेड कामाच्या मेकअप किटमध्ये ठेवायची नाही. साखरपुड्याला नवरीला एक रंग आवडतो, ‘लग्नातही हाच हं’ म्हणून ती सांगून ठेवते, आणि चार महिन्यांनी ती शेड जगात कुठेच मिळत नसते. मग तू काय करणार? किटमध्ये तेच असावं जे संपलं तर दुसऱ्या दिवशी दादरला नाहीतर ऑनलाइन मिळेल. तुझी ती डबी तुझ्या स्वतःच्या गालासाठी असेल तरच बोलू. कामाच्या खर्चात तिला धरून मनाची समजूत घालू नकोस.

विक्रेतीने ‘पुन्हा येणार नाही’ म्हटलं ते खरं आहे. पण सोनेरी हायलायटर बाजारातून कधी नाहीसा झालाय का? पुढच्या नाताळला दुसरं झाकण येईल आणि तेही असंच सुंदर असेल. शिवाय काही दुकानांत नव्या वर्षात उरलेला माल सवलतीत निघतो. इन्स्टाग्रामवर अर्ध्या किमतीत कुणी देत असेल तर मात्र तिकडे फिरकू नकोस. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, छापील किंमत, तारीख असं लेबल लागतं. ते नसेल तर कुठून आलंय आणि आत काय आहे याची हमी कुणीच देणार नाही, आणि डोळ्याजवळ लावायची वस्तू आहे ही.

माझं मत विचारशील तर तुला ती डबी आवडली आहे, पावडर नाही. यात वाईट काही नाही. सुंदर वस्तू टेबलावर असावी असं वाटणं मला कळतं, माझ्या आरशापाशीही दोन-तीन अशा आहेत. पण डबीच हवी तर मी रूज जीसारखं कव्हर नि कांडी घेईन. तिथे तुला नक्षी मिळेल, रोज हाताळायला मिळेल आणि पुढेही भरता येईल. आणि टेस्टरवर खालचा रंग तुझ्या गालावर खरोखरच खुलला, उन्हातही, घामानंतरही, तर हायलायटर घे. फक्त हप्त्यांवर नको. ज्या महिन्यात घरभाडं, आईला पाठवायचे पैसे आणि ब्रशचा खर्च निघून साडेसात हजार मोकळे उरतील त्या महिन्यात घे, आणि घेतलास तर त्याच आठवड्यात लावायला सुरुवात कर.

रविवारी जाऊ नकोस, काउंटरवर गर्दीत कुणी नीट दाखवत नाही. मंगळवारी आपलं काम नाही, दुकान उघडताच जा. चेहरा कोरा ठेव, फक्त मॉइश्चरायझर. टेस्टर लावल्यावर उन्हातला फोटो मला पाठव, आणि डबीचा पाठवणार असशील तर मागच्या बाजूचा, यादी वाचता येईल असा.

तुझी,
ताई