नवीन टाकीतले निऑन टेट्रा एकेक करून मरत आहेत. आणखी आणावेत का?

आपण लिहिले आहे की, तीन आठवड्यांपूर्वी दोन फुटांची टाकी मांडून दुसऱ्याच दिवशी चार निऑन टेट्रा सोडले, त्यांतले दोन दगावले, उरलेले दोन फिल्टरमागे दडून असतात आणि पहाटे दिवा लावला की फिकट दिसतात. आणखी चार आणावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की, अवश्य आणावेत, चार नव्हे तर आठ-दहा आणावेत. पण आज नाही.

पश्चिम ॲमेझॉनच्या खोऱ्यातला हा जेमतेम साडेतीन सेंटीमीटरचा मासा कोणाच्याही तोंडात मावतो, त्यामुळे त्याची सारी भिस्त थव्यावर असते. अनेक निळ्या रेघा एकदम वळल्या की शिकाऱ्याची नजर एकावर ठरत नाही. दोघेच उरले तर ते सतत धास्तावलेले राहतात, पोटभर खात नाहीत. आपले मासे दडतात ते बहुधा याच भीतीने.

मेलेल्या दोघांचा दोष मात्र मी पाण्याला देईन. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात, आणि ही जिवाणूंची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी काचेसारखे नितळ दिसले तरी विषारी असू शकते. थेंबांचे टेस्ट किट आणून अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य येईपर्यंत थांबावे, दरम्यान उरलेल्या दोघांसाठी दिवसाआड पाव टाकी पाणी बदलावे, नळाच्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालूनच ते ओतावे, आणि खाद्य चिमटीत चुरून दोन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे.

स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. मी पहिल्या वर्षी तो वाहत्या नळाखाली अगदी पांढरा होईपर्यंत पिळून काढला होता. क्लोरीनने जिवाणू गेले, आठवड्यात आठांचे तीन मासे उरले, आणि मी मात्र दुकानदारालाच बोल लावत राहिलो. टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात तो दोनदा दाबला की पुरे.

पहाटेच्या फिकटपणाची काळजी नको. अंधारात निऑनचा निळा-लाल रंग मावळतो आणि उजेडात थोड्या वेळाने परत येतो. (हे ठाऊक नसल्याने मी एकदा मध्यरात्री औषध ओतून मोकळा झालो होतो.) दिवसाही रंग उडालेला राहिला, अंगात पांढरट डाग दिसले आणि पाठ वाकू लागली, तर मात्र निऑनचा रोग असू शकतो, त्यावर खात्रीचा इलाज नाही, असा मासा लगेच वेगळा काढावा.

आपल्याकडे बोअरचे पाणी असेल, तर ते बहुधा जड असते आणि निऑनला मऊ पाणी मानवते, म्हणून त्यात निम्मे आरओचे पाणी मिसळावे. रस्त्याकडेच्या देशी बदामाचे गळून वाळलेले तपकिरी पान धुऊन टाकीत सोडले, तर पाणी कोऱ्या चहासारखे होते. घरचे नाक मुरडतात, पण अशा पाण्यात मासे धीट होतात आणि त्यांचा रंगही खुलतो, असा माझा अनुभव आहे. तापमान २२ ते २६ अंश ठेवावे. आपण विदर्भात राहत असाल आणि उन्हाळ्यात पाणी तिशी ओलांडत असेल, तर मी निऑनऐवजी झेब्रा डॅनिओ सुचवीन. तो आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला, थंडी-उन्हाळा सोसणारा आणि तितकाच थव्याने राहणारा मासा आहे.

नवे मासे आणल्यावर पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवून थोडे थोडे पाणी तिच्यात घालावे, मग मासे जाळीने उचलून सोडावेत आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. आणि दुकानात कोणी कितीही आग्रह केला, तरी सोबत एंजल मासा घेऊ नये. लहानपणी तो निमूट असतो, मोठा झाल्यावर रात्रीत निऑन गिळतो.