रात्री दोनला जाग येणारच

ताई, तुम्ही ज्यांचं सगळं केलंत त्या सासूबाईंचा तेरावा झाला, पाहुणे पांगले, आता घर खायला उठेल. माझ्या वडिलांचं मी सहा वर्षं केलं, शेवटची दोन ते अंथरुणालाच खिळलेले. ते गेल्यावरही महिनाभर रात्री दोनला जाग यायची. कूस बदलून द्यायची वेळ ती! उठून त्यांच्या दारापर्यंत जायचो आणि तिथेच उभा राहायचो. तुमचंही होईल. घाबरू नका, शरीराला ड्यूटी संपल्याचं उशिरा कळतं.

भाड्याचा पलंग, हवेची गादी लगेच परत करा, उगाच भाडं चढतं. सासूबाईंचा चष्मा, काठी मात्र राहू द्या. वडिलांची कानटोपी माझ्याकडे अजून आहे.

"सुटल्या बिचाऱ्या," लोक म्हणतील. तुम्हालाही हलकं वाटेल आणि लगेच त्याची लाज वाटेल. सगळ्यात जास्त छळतं ते हेच. नाशिकला रामकुंडावर अस्थी सोडताना माझ्या मनात आलं, आज झोप मिळेल. त्या विचाराने जेवढा रडलो, तेवढा ते गेले तेव्हाही नव्हतो. दमलेल्या माणसाला असं वाटतंच हो.

संध्याकाळच्या औषधांची वेळ झाली की घरात थांबू नका. मी सरळ गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, जाऊन बसायचो, आरती संपेपर्यंत.

काही महिन्यांनीही झोप-भूक जागेवर आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि स्वतःचं बीपी शेवटचं कधी तपासलंत?