आबा सांगतील तिथं सही?

प्रश्न : मी ३१ वर्षांची, कोल्हापुरात शिक्षिका. माझं डी.एड., नोकरी, लग्न सगळं आबांनी ठरवलं. त्यांचा शब्द मी कधी मोडला नाही. करवीर तालुक्यात आमची वडिलोपार्जित उसाची शेती आहे. येत्या सोमवारी ताईनं आणि मी दादाच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं, असं त्यांनी परस्पर ठरवलंय. ताई तयार आहे. मला जमिनीची हाव नाही, पण कुणी विचारलंसुद्धा नाही. नाही म्हटलं तर माहेर तुटेल का? नवरा म्हणतो, मी बोलतो आबांशी.
– एक लेक

उत्तर : बाळ, सोमवारी सही करू नकोस.

पुढं जमीन दादाला द्यावीशी वाटली तर खुशाल दे. शेतात तोच राबतो, आईआबांचं दुखणंखुपणं तोच बघतो, हे मोलाचंच आहे. पण जिला नाही म्हणताच येत नाही, तिनं दिलं असं कसं म्हणायचं? डी.एड. तुला हवं होतं का, हे आज तुला तरी सांगता येईल का? आबांवर माया असणं वेगळं आणि त्यांच्या हुकमाखाली असणं वेगळं. एकतिसाव्या वर्षी हा फरक स्वतःला कळायलाच हवा, आणि तो नकार दिल्याशिवाय कळत नाही.

कायदा तुझ्या बाजूनं आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, तो हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. स्वकष्टार्जित जमिनीची गोष्ट वेगळी. म्हणून सातबारा आणि जुने फेरफार काढून वकिलाला दाखव. हक्कसोडपत्र एकदा दुय्यम निबंधकाकडं नोंदवलं की ते फिरवणं फार अवघड.

ताईशी आजच बोल. १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅन्ली मिलग्रम यांनी एक प्रयोग केला. साहेबाच्या सांगण्यावरून माणसं परक्याला विजेचे झटके कुठवर देतात, ते पाहिलं. झटके खोटे होते, देणाऱ्यांना मात्र खरे वाटत होते. ४० पैकी २६ जण शेवटपर्यंत गेले. पण शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला, तेव्हा ४० पैकी चारच जण शेवटपर्यंत गेले. ताईची तयारी म्हणजे कदाचित एकटेपणच असेल. तू थांबलीस तर तीही थांबेल.

‘घराण्याची रीत’ हा शब्द निघेलच. शाहू महाराजांनी विधवा सून इंदुमतीदेवींना शिकवायला काढलं, तेव्हा राजवाड्याचीही रीत मोडली होती. कोल्हापूरच्या लेकीला हे सांगायला कशाला हवं!

माहेर तुटेल का? काही महिने अबोला राहील. आई रडून फोन करेल, एखादी पंचमी कोरडी जाईल. हे सोसावं लागेल, खोटं कशाला सांगू. पण नकारानं आबा दुखावतील म्हणून त्यांना फसवू नकोस. तब्येतीचं, रजेचं कारण अजिबात सांगू नकोस. सोमवारच्या आधी एकटी जा, दादा घरी नसताना. म्हण, “आबा, मी सही करणार नाही. मला विचार करायला वेळ हवाय.” ते चिडले तर उलट बोलू नकोस, पण शब्दही मागं घेऊ नकोस.

आणि जावईबापूंना घरीच ठेव. त्यांचा हेतू चांगला आहे, पण ते बोलले की आबा म्हणतील, पोरीला नवऱ्यानं शिकवलं. मग तुझं म्हणणं तुझं राहणारच नाही.