तपासलं आणि कॅन्सर निघालाच तर?

हा प्रश्न इतक्या बायकांनी विचारलाय की शेवटी लिहायलाच बसले. स्तनात गाठ हाताला लागलेली असते, घरात कुणाला सांगितलेलं नसतं, आणि दुखत नाही ना मग असू दे म्हणत महिने निघून जातात. खरं तर सुरुवातीची कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखतच नाही.

एक ताई झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे समुपदेशनाला यायच्या, वय 47. काही भेटींनंतर एकदम बोलल्या, "मॅडम, दिवाळीपासून छातीत गाठ लागतीये."

"दाखवली कुणाला?"

"नको. निघालंच तर?"

"निघालं तर काय होईल?"

बराच वेळ पर्सची चेन उघडबंद करत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरीसाठी स्थळं बघतोय. आईला कॅन्सर म्हटल्यावर कोण करून घेईल तिला?"

सगळं इथेच होतं. मरणाची भीती नव्हतीच ती. मी विचारलं, "आणि गाठ लग्नापर्यंत थांबणारे का?" तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

मी कायम मानत आलीये की माणसाला घटना जेवढी खात नाही तेवढा तिच्यावर आपणच देऊन टाकलेला निकाल खातो. गाठ ही घटना, 'पोरीचं वाटोळं झालं' हा ताईंचा निकाल, आणि निकाल तपासता येतो. आम्ही तो तपासला. स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात, हे ऐकून त्या सरळ होऊन बसल्या. मला माझ्या कामात असे क्षण फार मोलाचे वाटतात.

मग ताई मुलीलाच सोबत घेऊन तपासायला गेल्या. गाठ कॅन्सरचीच होती पण लहान, स्तन काढावा लागला नाही.

आपल्या देशात बायकांचे कॅन्सरने सगळ्यात जास्त मृत्यू स्तनाच्या आणि मग गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होतात, 2022 चा अंदाज सुमारे 98 हजार आणि 80 हजार. आणि हे दोन्ही लवकर सापडू शकतात, तेही महागड्या मशीनशिवाय! टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या साधारण निम्म्या बायकांचे शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या हाताने स्तन तपासायच्या आणि पातळ व्हिनेगर लावून गर्भाशयमुख बघायच्या. बाकीच्यांच्या तुलनेत या बायकांमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्के कमी झाले, पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचेही जवळपास 30 टक्के.

तेव्हा घरातली कुणी टाळत असेल तर "काही निघणार नाही गं" म्हणू नका. निघालं तर तुला नेमकं काय होईल असं वाटतं, हे विचारा, पूर्ण ऐकून घ्या, आणि त्याच आठवड्यात तिच्यासोबत जा.