आजीच्या कार्डावर नुसतं 'रिअ‍ॅक्शन आली', आणि कोडिंगचा क्लास ६० हजारांचा

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते, ही सांगली जिल्ह्यातली, बी.फार्मच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या वर्षी हिच्या आजीला अँटिबायोटिकचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत अंगभर गांध्या उठल्या, धाप लागली, बीपी पडलं. आजी वाचली, पण डिस्चार्ज कार्डावर काय, तर 'रिअ‍ॅक्शन आली, उपचार केले'. औषधाचं नावसुद्धा नाही. आता एक क्लासवाला ६० हजारांत मेडिकल कोडिंग (पेशंटच्या कागदांतल्या निदानांना ठरलेले कोड लावायचं काम) आणि '१०० टक्के प्लेसमेंट' म्हणतोय, बाबा म्हणतात एम.फार्म कर, आणि ही विचारतेय की असल्या रिअ‍ॅक्शन नीट नोंदवायचं काम कुणी करतं का, त्यात करिअर होतं का.

होतं. फक्त ती दोन वेगवेगळी कामं आहेत, आणि क्लासवाल्याने तुला एकच सांगितलंय.

पहिलं कोडिंग. आपल्याकडे बसून जे करतात ते बहुतेक अमेरिकेतल्या पेशंटचे चार्ट असतात, बिलिंगसाठी, आणि तिथे २०१५ च्या १ ऑक्टोबरपासून आयसीडी-१०-सीएम ही निदानांच्या कोडची यादी चालते. समज तुझ्या आजीसारखाच चार्ट आला. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक दिलं, गांध्या, बीपी ७०/४०, मांडीत अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम, आणि डॉक्टरने शेवटी लिहिलंय 'अ‍ॅलर्जिक रिअ‍ॅक्शन'. तू फार्मसीवाली, तुला लगेच कळणार की हा जिवावर बेतणारा अ‍ॅलर्जीचा झटका, म्हणजे अ‍ॅनाफायलॅक्सिस आहे. पण कोडरला तसं ठरवता येत नाही! डॉक्टरने निदान लिहिलं तरच कोड, नाहीतर डॉक्टरला क्वेरी पाठवायची, तीही 'अ‍ॅनाफायलॅक्सिस लिहा ना' अशी नाही, चार्टमधल्या नोंदी दाखवून पर्याय द्यायचे आणि उत्तर त्यांचं. डॉक्टरने अ‍ॅनाफायलॅक्सिस लिहिलं की आधी टी८८.६एक्सएक्सए, म्हणजे योग्य औषध योग्य रीतीने देऊनही आलेली रिअ‍ॅक्शन, आणि त्याच्या मागे औषधाचा कोड टी३६.१एक्स५ए. मधले एक्स नुसते जागा भरायला, कारण शेवटचं अक्षर सातव्याच जागी यावं लागतं. आणि तो ५ नीट बघ, ५ म्हणजे अ‍ॅडव्हर्स इफेक्ट. तेच नर्सने चुकून भलतंच इंजेक्शन दिलं असतं तर ५ च्या जागी १, म्हणजे पॉयझनिंग, आणि मग औषधाचा कोडच पहिला येतो. एका आकड्यात गोष्ट 'औषध सोसलं नाही' वरून 'देणाऱ्याची चूक' वर जाते. शेवटच्या ए ला इनिशियल एन्काउंटर म्हणतात म्हणून नवीन पोरं पहिली व्हिजिट समजतात, तसं नाही, अ‍ॅक्टिव्ह उपचार चालू आहेत तोपर्यंत ए. मुलाखतीत हमखास विचारतात हे.

आता दुसरं काम, आणि माझं मत विचारशील तर तुझं काम हेच. फार्माकोव्हिजिलन्स. इथे बिलाचा संबंध नाही, औषधाने माणसाला काय केलं ते नोंदवायचं. ओळखता येईल असा पेशंट, कळवणारा माणूस, संशयित औषध आणि झालेला त्रास, या चार गोष्टी असतील तरच केस वैध धरतात. मग ती सिरियस आहे का बघायचं (जिवावर बेतलं म्हणजे आहेच), त्रासाला मेडड्रा या ठरावीक वैद्यकीय शब्दांच्या कोशातली टर्म लावायची, आणि नॅरेटिव्ह लिहायचं, की डोस किती वाजता, किती मिनिटांनी काय झालं, औषध थांबवल्यावर उतरलं का. मेडड्रामध्ये अ‍ॅनाफायलॅक्टिक रिअ‍ॅक्शन आणि अ‍ॅनाफायलॅक्टिक शॉक या वेगळ्या टर्म आहेत, 'काय फरक पडतो' म्हणून भागत नाही. पुण्या-मुंबईत ड्रग सेफ्टी असोसिएट म्हणून बी.फार्मवाल्यांना घेतात, कोर्स नसला तरी. तुझी फार्माकॉलॉजी इथे रोज कामाला येईल, कोडिंगमध्ये बरंचसं ज्ञान तोंड मिटून ठेवावं लागतं, बोलक्या माणसाला ते जड जातं (तुझं चार पानी पत्र बघता जाईलच).

तरी कोडिंगच करायचं असेल तर करू नको म्हणत नाही, पण क्लासवाल्याला विचार की प्लेसमेंट नक्की कोडिंगमध्येच का? कारण पुष्कळ पोरांना एआर कॉलिंगला, म्हणजे रात्रभर अमेरिकेतल्या विमा कंपन्यांना फोन करायला बसवतात आणि ते प्लेसमेंटमध्येच मोजतात. कंपन्या सर्टिफिकेट बघतात ते एएपीसी या कोडर लोकांच्या अमेरिकन संस्थेच्या सीपीसी परीक्षेचं, १०० प्रश्न, ४ तास, ७० टक्क्यांना पास, कोडची पुस्तकं उघडी ठेवून. पास झालीस तरी अनुभव होईपर्यंत सीपीसीच्या मागे अ‍ॅप्रेंटिसचा 'ए' राहतो. ६० हजारांत त्या परीक्षेची फी आणि पुस्तकं धरलीत का ते लेखी घे.

एम.फार्मचं बाबांना सांग, एक वर्ष थांबू. नोकरी करून बघ, मग ठरव.

आणि आजीचं काम आधी कर. त्या दवाखान्यात जाऊन केस पेपरची कॉपी माग, इंजेक्शनचं नाव शोध, एका कार्डावर ठळक लिहून आजीच्या पिशवीत टाक. सेफॅलोस्पोरिन निघालं तर तसं स्पष्ट लिही, 'अँटिबायोटिक' एवढंच नको. मग पीव्हीपीआय, म्हणजे औषधांच्या रिअ‍ॅक्शन नोंदवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या हेल्पलाइनला कळव, घरच्या माणसालाही कळवता येतं. तुझी पहिली केस, चारपैकी तीन गोष्टी तुझ्याकडे आहेत, औषधाचं नाव तेवढं मिळव.