'पिंक' हा चित्रपट खरंच स्त्री सक्षमीकरणाचा आहे का?

तुमचं म्हणणं असं की खटल्यात अडकलेल्या तिन्ही मुलींना शेवटी वकील झालेले अमिताभ बच्चनच सोडवतात, मग हे सक्षमीकरण कसलं? वकील पुरुष आहे याचं मला काही वाटत नाही. त्या तिघींपैकी मीनलने एका रात्री खोलीत जबरदस्ती करणाऱ्या मुलाला बाटली मारली, म्हणून तिच्यावर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०७, म्हणजे खुनाच्या प्रयत्नाचा आरोप आहे. कोर्टात तिच्या वतीने वकीलच बोलणार. मला हा चित्रपट मनापासून आवडतो, म्हणूनच त्यातल्या दोन जागा जास्त सलतात.

पहिली जागा साधी आहे. मीनल आणि तिचे वकील दीपक सेहगल, म्हणजे अमिताभ, सकाळी फिरायला गेलेत. लोक तिला ओळखून बघायला लागतात, तशी ती टोपी डोक्यावर ओढून घेते. सेहगल हात पुढे करून ती टोपी मागे सारतात. लाज तिने का बाळगायची, असा त्याचा अर्थ. मान्य. पण त्या क्षणी चेहरा झाकावा असं तिला वाटत होतं ना? तिला कुणी विचारलं? ज्या चित्रपटाचा सगळा खटला संमतीवर उभा आहे, त्याला हे दिसू नये?

दुसरी जागा शेवटची. त्या रात्री खोलीत काय झालं हे २०१६ सालचा हा चित्रपट आपल्याला जवळजवळ अखेरपर्यंत दाखवत नाही. मुलींचं ऐकायचं आणि ठरवायचं. दिग्दर्शक अनिरुद्ध रॉय चौधरी यांचं मोठं धाडस होतं ते. आणि मग निकाल लागल्यावर, श्रेयनामावली चालू असताना, ती रात्र दाखवून टाकली! मी थिएटरात पाहिला तेव्हा मागच्या रांगेतले एक गृहस्थ बायकोला म्हणाले, "म्हणजे पोरी खरं बोलत होत्या." दोन तास ऐकून जे पटलं नाही, ते दोन मिनिटं बघून पटलं. बाईच्या शब्दावर विश्वास ठेवा म्हणणाऱ्या चित्रपटानेच शेवटी पुरावा हातात दिला.

माझ्या लेखी खरं बळ आहे ते मीनलची मैत्रीण फलक हिच्या साक्षीत. मुलींनी त्या रात्रीसाठी पैसे घेतले होते, या आरोपावरून सरकारी वकील तिला इतकं छळतात की ती ओरडून सांगते, हो, घेतले पैसे. आणि तरीही मीनल नाही म्हणाली होती, त्याचं काय? प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येत नाही, हे बलात्काराच्या कलमात २०१३च्या दुरुस्तीने लिहिलं गेलंय. पण 'चांगल्या घरातली' नसलेल्या मुलीलाही तोच हक्क आहे, हे पटवायला फलकने स्वतःची अब्रू पणाला लावली. कीर्ती कुल्हारीने तो प्रसंग जीव ओतून केलाय. लोकांच्या तोंडी मात्र राहिलं ते 'ना' म्हणजे नाहीच, हे सांगणारं सेहगलांचं भाषण. ते भाषण फलकच्या त्या कबुलीवर उभं आहे, हे फार थोडे जण बोलतात.

पुन्हा बघणार असाल तर निकाल लागला की तिथेच बंद करून बघा. मी दुसऱ्यांदा तसाच पाहिला.